चाचणी झाली, पुढे काय?

भंडाऱ्याची ओळख तलावांची, धानाची आणि पितळी भांड्यांची. आमच्या लहानपणी घरात नवे भांडे यायचे असेल, तर आजी आम्हा नातवंडांना घेऊन कासाराच्या दुकानी जाई. भांड्याचा घाट, चकाकी, वजन हे सारे पाहून झाले, तरी तिचे समाधान होत नसे. ती भांडे डाव्या हाताच्या बोटांवर तोलून धरी आणि उजव्या हाताच्या बोटाच्या पेराने त्यावर टिचकी मारी. नाद खणखणीत, लांबत जाणारा असला म्हणजे भांडे अखंड. बद्द आवाज आला की कुठेतरी बारीक चीर आहे, हे तिला डोळे मिटूनही कळे. ‘वाजवून घेणे’ हा शब्दप्रयोग मराठीत रूढ झाला, त्यामागे अशा अनेक आज्यांची बोटे असावीत. परंतु या आठवणीचा उत्तरार्ध अधिक महत्त्वाचा आहे. घरातील एखादे जुने भांडे बद्द वाजले, तर ते फडताळात परत जात नसे. त्याच आठवड्यात ते कासाराकडे डाग द्यायला जाई. परीक्षा आणि उपाय यांमध्ये आमच्या घरात तरी फार अंतर नव्हते.

टिचकी मारून आतले ओळखण्याची ही विद्या जगभर आहे. ऑस्ट्रियातील ग्रात्स येथे एका खाणावळ चालवणाऱ्याच्या घरी जन्मलेला लिओपोल्ड आउएनब्रुगर पुढे वैद्य झाला. पिंपात द्राक्षासव किती उरले आहे, हे त्याच्या वडिलांच्या धंद्यात पिंप ठोकून पाहत असत. त्याने तीच युक्ती रुग्णाच्या छातीवर केली आणि १७६१ साली त्यावर लॅटिनमध्ये छोटेखानी ग्रंथ लिहिला. कित्येक दशके त्याकडे कोणी फारसे पाहिले नाही. नेपोलियनचा वैद्य कॉर्व्हिसार याने १८०८ मध्ये त्याचे फ्रेंच भाषांतर केले, तेव्हा ती पद्धत सर्वत्र पसरली. आजही डॉक्टर छातीवर बोट ठेवून दुसऱ्या बोटाने ठोकतात, ती हीच. रेल्वेचा कामगार लांब दांड्याची हातोडी घेऊन डब्यांच्या चाकांवर ठोके देत जाई, तोही चाकाला चीर नाही ना, एवढेच ऐकत असे. आपल्याकडे तर निदान हे वैद्यकाचे स्वतंत्र अंगच मानले गेले. चरकसंहितेने आप्तोपदेश, प्रत्यक्ष आणि अनुमान ही रोग जाणण्याची तीन साधने सांगितली; पुढे नाडी, जिव्हा, नेत्र आदींची अष्टस्थान परीक्षा रूढ झाली; ‘माधवनिदान’ हा ग्रंथ तर केवळ रोगनिदानासाठीच लिहिला गेला. आधी रोगाची परीक्षा, मग औषध, हा क्रम चरकाने घालून दिला आहे. परीक्षा हे पहिले पाऊल आहे आणि तिच्यानंतर दुसरे पाऊल पडायचे आहे, हे त्या क्रमातच अभिप्रेत आहे.

आज बोटाची जागा यंत्राने घेतली. त्याबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही; बोटाला जे कळत नव्हते ते यंत्राला कळते. मात्र यंत्राचा कागद हाती आला की काम संपले, असे मानण्याची एक नवी सवय आपल्याला लागली आहे. प्रस्तुत लेखकाच्या मोटारीची गोष्ट सांगतो. इंजिनाचा पिवळा दिवा लागला, म्हणून गाडी महामार्गावरील एका मोठ्या कार्यशाळेत नेली. तेथील तरुणाने स्कॅनर जोडला, पडद्यावर एक संकेतांक आला, त्याने तो वाचला आणि ऑक्सिजन सेन्सर बदलला. आठ दिवसांनी दिवा पुन्हा लागला. पुन्हा स्कॅनर, पुन्हा तोच संकेतांक, पुन्हा नवा सेन्सर आणि पुन्हा बिल. तिसऱ्या खेपेस गाडी आमच्या जुन्या मिस्त्रीकडे नेली. त्यानेही स्कॅनर लावला. पण नंतर तो गाडीखाली गेला आणि दहा मिनिटांत उंदराने कुरतडलेली एक तार घेऊन बाहेर आला. म्हणाला, “साहेब, मशीन फक्त कुठं दुखून राहिलं तेवढं सांगते. का दुखून राहिलं, ते आपल्यालेच पाहा लागते.” निदानशास्त्राचा सारा गाभा या दोन वाक्यांत आहे. सेन्सरच्या मंडलात बिघाड आहे, हे यंत्राने खरे तेच सांगितले होते. सेन्सर खराब आहे, हा निष्कर्ष माणसाने घाईने काढला होता.

गाडीच्या बाबतीत ही घाई खिशाला महाग पडते. शरीराच्या बाबतीत ती त्याहून महाग पडते. मध्यमवर्गीय घरांतून हल्ली ‘संपूर्ण शरीर तपासणी’ची पॅकेजेस भेटवस्तूसारखी दिली जातात. येथे एक साधे गणित ध्यानात ठेवावे. प्रयोगशाळेच्या अहवालात ‘नॉर्मल’ म्हणून जी मर्यादा छापलेली असते, ती सामान्यतः शंभर निरोगी माणसांपैकी पंचाण्णव जणांचे आकडे जिच्यात बसतात, अशी ठरवलेली असते. म्हणजे पूर्ण निरोगी असलेल्या पाच जणांचा आकडाही त्या मर्यादेबाहेर जाणारच. एकमेकींशी संबंध नसलेल्या अशा वीस तपासण्या एकाच वेळी केल्या, तर निरोगी माणसाच्याही अहवालात निदान एक आकडा ठळक अक्षरांत येण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के असते. मग त्या ठळक आकड्यामागे दुसरी तपासणी, तिसरी तपासणी आणि झोप उडालेले घर. लक्षण, वय, घराण्यातील आजार यांचा विचार करून योग्य ती तपासणी सांगणारा डॉक्टर मध्ये नसेल, तर कागदाने ज्ञान वाढत नाही, भय तेवढे वाढते.

शहरात हे असे, तर आपल्याच जिल्ह्याच्या खेड्यात नेमके उलट. तेथे जी दुसरी तपासणी अत्यावश्यक आहे, तीच होत नाही. सिकलसेलचे उदाहरण घेऊ. पूर्व विदर्भाला हा आजार नवा नाही. सिकल म्हणजे विळा. या आजारात रक्तातील ऑक्सिजन कमी झाला की तांबड्या पेशी धान कापण्याच्या विळ्यासारख्या वाकतात, कडक होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. त्यातून हाडांत व सांध्यांत असह्य वेदना, रक्तक्षय, कावीळ, वारंवार होणारे संसर्ग उद्भवतात. शिकागोचे डॉ. जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये या पेशींचे वर्णन प्रसिद्ध केले. १९४९ मध्ये लायनस पाउलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच असल्याचे दाखवून दिले. १९५२ मध्ये नीलगिरीतील आदिवासींमध्ये तो आढळल्याची नोंद झाली. पुढे विदर्भातील आदिवासींत, अनुसूचित जातींत आणि इतर समाजांतही तो असल्याचे दिसून आले. हा आजार आई-वडिलांकडून येतो. तो स्पर्शाने होत नाही, पापाने होत नाही आणि कोण्या एका जातीची मक्तेदारी तर मुळीच नाही.

गावपातळीवर याची जी पहिली चाचणी होते, तिला सोल्युबिलिटी चाचणी म्हणतात. रक्ताचा थेंब एका रासायनिक द्रावात टाकतात. द्राव गढूळ झाला तर चाचणी ‘पॉझिटिव्ह’. चाचणी स्वस्त आहे, काही मिनिटांत होते. परंतु तिचा अर्थ एवढाच, की रक्तात सिकल हिमोग्लोबिन आहे. ते आई-वडिलांपैकी एकाकडून आले की दोघांकडून, हे ती सांगू शकत नाही. एकाकडून आले असेल तर ती व्यक्ती केवळ वाहक असते आणि बहुधा आयुष्यभर निरोगी राहते. दोघांकडून आले असेल तर ती रुग्ण असते आणि तिला नियमित उपचार लागतात. हा भेद कळण्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही दुसरी तपासणी करावीच लागते. शिवाय सहा महिन्यांच्या आतील बाळांत आणि तीव्र रक्तक्षय असलेल्यांत पहिली चाचणी चुकीने ‘निगेटिव्ह’ही येऊ शकते. म्हणजे गढूळ द्राव हा प्रश्न आहे. उत्तर अजून यायचे आहे.

हे समजावून न सांगितल्याने काय होते, ते मी पाहिले आहे. काही वर्षांपूर्वी साकोली तालुक्यातील एका गावात एका संस्थेने आरोग्य शिबिर घेतले. दिवसभर रांगा लागल्या, सायंकाळी छायाचित्रे निघाली, दुसऱ्या दिवशी आमच्याच वृत्तपत्रात आकड्यांसह बातमी आली. ती बातमी मीच लिहिली होती. दोन वर्षांनी कामानिमित्त पुन्हा त्या गावी गेलो, तेव्हा एका शेतकऱ्याने मला घरी नेले. त्यांच्या मुलीच्या कागदावर ‘सिकलसेल पॉझिटिव्ह’ एवढाच शिक्का होता. दुसरी तपासणी झाली नव्हती. ती करावयाची असते, हेही त्यांना कोणी सांगितले नव्हते. मुलीचे ठरलेले लग्न त्या कागदापायी मोडले होते. “भाऊ, पोरगी तर कधी आजारी पडली नाही,” बाप पुन:पुन्हा म्हणत होता. पुढे नागपुरास दुसरी तपासणी झाली आणि ती केवळ वाहक असल्याचे निष्पन्न झाले. मोडलेले लग्न मात्र जुळले नाही. शिबिराच्या अहवालात ती मुलगी एक आकडा होती आणि माझ्या बातमीतही.

खरे तर येथे समजून घ्यायचे गणित अवघड नाही. वाहक व्यक्तीचा जोडीदार वाहक नसेल आणि त्याच्यात बीटा थॅलसेमियासारखा अन्य दोषही नसेल, तर त्यांचे मूल सिकलसेलचे रुग्ण होत नाही; फार तर वाहक होते. दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गर्भारपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५० टक्के आणि पूर्ण निर्दोष असण्याची २५ टक्के. ‘एक मूल आजारी झाले, आता पुढची तीन सुखरूप’ असे मात्र मानू नये. प्रत्येक वेळी हिशेब नव्याने सुरू होतो. म्हणून विवाहापूर्वी दोघांचीही तपासणी व्हावी, केवळ मुलीची नव्हे. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून पंतप्रधानांनी राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाचा आरंभ केला. सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, हे त्याचे लक्ष्य आहे. संकल्प मोठा आहे आणि स्वागतार्ह आहे. परंतु सात कोटी थेंब तपासल्याने आजार जाणार नाही. प्रत्येक गढूळ द्रावामागे दुसरी तपासणी, समुपदेशन आणि औषध पोहोचले, तरच तो संकल्प सिद्धीस जाईल.

हे शरीराबद्दल झाले. ज्या वास्तूत शरीरे बरी होण्यासाठी आणली जातात, तिच्या तपासणीबद्दल भंडाऱ्याच्या माणसाने मौन पाळणे हा अपराध होईल. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटेपूर्वी भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात शिशु अतिदक्षता कक्षाला आग लागली. सतरा अर्भके तेथे होती. सात वाचली, दहा गेली. तिघे होरपळले, सात धुराने गुदमरले. अर्भकाला ऊब देणाऱ्या रेडिएंट वॉर्मरमध्ये शॉर्टसर्किट झाल्याचा निष्कर्ष चौकशीत निघाला. ज्या यंत्राने जीव राखायचा, त्याचीच नाडी कोणी पाहिली नव्हती. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ अन्वये अग्निसुरक्षा यंत्रणा सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारी आणि जुलै असे दोनदा द्यावे लागते. कायदा आहे, परीक्षा ठरलेली आहे, महिनेही ठरलेले आहेत.

त्या दुर्घटनेनंतर राज्यभरातील रुग्णालयांच्या अग्निसुरक्षा परीक्षणाचे आदेश निघाले. तरीही ६ नोव्हेंबर २०२१ रोजी अहमदनगरच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) जिल्हा रुग्णालयातील अतिदक्षता विभाग पेटला आणि दहाहून अधिक रुग्ण प्राणास मुकले. तेथे परीक्षण झालेले होते, परंतु त्यात दाखवलेल्या उणिवा दूर झालेल्या नव्हत्या, असे आगीनंतर समोर आले. म्हणजे बद्द वाजलेले भांडे फडताळात परत ठेवले गेले होते. चाचणी न करणे हा निष्काळजीपणा होय. चाचणी करून तिचा अहवाल फाइलीत घालणे हा त्याहून मोठा दोष होय, कारण तेथे अज्ञानाची सबबही उरत नाही.

वाचकहो, शासनाकडे बोट दाखवणे सोपे आहे आणि ते दाखवायलाही हवे. पण आपणही शिबिरे घेतो. वस्तीवस्तीत रक्तदाब, रक्तशर्करा, हिमोग्लोबिन तपासतो. संख्या मोजतो आणि अहवाल पाठवतो. यापुढे त्या अहवालात एक रकाना वाढवावा: ‘किती जण तपासले’ याच्या शेजारी ‘दोष आढळलेल्यांपैकी किती जण उपचारापर्यंत पोहोचले’. सोल्युबिलिटी चाचणीत पॉझिटिव्ह आलेल्या प्रत्येक घराशी एका कार्यकर्त्याचे नाव जोडावे आणि दुसरी तपासणी होऊन तिचा अर्थ त्या घराला समजेपर्यंत त्याने ते घर सोडू नये. दुसऱ्या तपासणीची सोय करता येत नसेल, तर पहिली करण्याची घाई करू नये. ज्या शाळेच्या, वसतिगृहाच्या, रुग्णालयाच्या व्यवस्थापनात आपण बसतो, तेथे जानेवारीत आणि जुलैत ते प्रमाणपत्र मागावे, त्यातील उणिवा मोठ्याने वाचाव्यात आणि पुढच्या बैठकीत त्यांचे काय झाले, हे विचारावे. हे काम गाजावाजाचे नाही, त्याची छायाचित्रे निघत नाहीत.

आणि माझ्यासारख्या पत्रकाराने शिबिराची बातमी लिहिताना एवढे करावे, की त्या बातमीखाली सहा महिन्यांनंतरची तारीख टाचून ठेवावी आणि त्या दिवशी पुन्हा त्या गावी जावे. त्या शेतकऱ्याच्या घरी मी दोन वर्षांनी पोहोचलो होतो, आणि तेही दुसऱ्याच कामासाठी.