चालता संगणक भंगारात कोणी ढकलला?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट या अमेरिकी कंपनीने ‘विंडोज १०’ या प्रणालीचा मोफत आधार काढून घेतला. त्या दिवशी जगातला एकही संगणक बंद पडला नाही. पडदा उजळला, कळफलक चालला, प्रिंटरने कागद काढला. म्हणूनच आपल्याकडे या निर्णयाची फारशी चर्चा झाली नाही. पण दर महिन्याला फुकट मिळणाऱ्या सुरक्षा दुरुस्त्या त्या दिवसापासून थांबल्या. घर तेच राहिले. दाराचे कुलूप मोडले तर बदलून देणारा मात्र निघून गेला. बँकेचा व्यवहार, शिष्यवृत्तीचा अर्ज, जातीच्या दाखल्याची प्रत असे सगळे ज्या यंत्रात आहे, ते यंत्र उघड्यावर पडले.

कंपनी म्हणते, विंडोज ११ फुकट घ्या. घ्यायचे कसे? २०२१ साली आलेल्या या नव्या प्रणालीला टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो. म्हणजे २०१७ च्या सुमारास घेतलेले बहुतेक संगणक दाराबाहेर. त्यांची रॅम चांगली, हार्ड डिस्क चांगली, मदरबोर्ड शाबूत. यंत्र म्हातारे झाले नाही. कंपनीने त्याला म्हातारे ठरवले!

याचा फटका कोणाला बसतो? दर तीन वर्षांनी नवा लॅपटॉप घेणाऱ्याला नाही. मोठ्या कार्यालयांनी काढून टाकलेले लॅपटॉप मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर आणि दिल्लीच्या नेहरू प्लेसमध्ये रिफर्बिश्ड म्हणून विकले जातात. आपल्या वस्तीतला विद्यार्थी तेच घेतो. वडिलांच्या पतपेढीच्या कर्जातून, आईच्या बचत गटातून तो पैसा उभा राहतो. बुद्धविहाराच्या अभ्यासिकेत दान म्हणून आलेला संगणकही त्याच वयाचा असतो. श्रीमंतांच्या घरातून यंत्र बाहेर पडते तेव्हा ते आपल्या घरात येते, आणि नेमके तेव्हाच कंपनी हात वर करते.

कंपनीची बाजूही ऐकून घेऊ. प्रणाली २०१५ साली आली, दहा वर्षे सांभाळली, जुने किती काळ ओढायचे, असा तिचा युक्तिवाद आहे. परंतु दहा वर्षे मोजायची कुठून? कंपनीने स्वतःच्या संकेतस्थळावर ३१ जानेवारी २०२३ पर्यंत विंडोज १० विकली. त्या महिन्यात पैसे मोजणाऱ्याच्या वाट्याला तीन वर्षेही आली नाहीत. औषधाच्या पाकिटावर मुदत छापावी लागते, बिस्किटाच्या पुड्यावरही लागते. हजारो रुपयांच्या संगणकाच्या खोक्यावर ती का नसावी?

आता यातला खरा भेद पाहा. कंपनीने एक वर्षाची, म्हणजे १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची, वाढीव सुरक्षा योजना काढली. तिच्यासाठी सामान्य ग्राहकापुढे तीन पर्याय ठेवले : ३० डॉलर भरा, कंपनीच्या बक्षीस योजनेतले हजार गुण खर्च करा, किंवा संगणकाच्या सेटिंग्ज कंपनीच्या खात्यात साठवायला द्या. युरोपात मात्र ग्राहक संघटनांनी आक्षेप घेतला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये कंपनीने तिथल्या ग्राहकांसाठी या अटी मागे घेतल्या. तीच कंपनी, तीच प्रणाली, तीच दुरुस्ती. तिकडे फुकट, इकडे अटीवर. युरोपातला माणूस अधिक मोठा माणूस आहे काय? नाही. त्याच्यामागे कायदा आहे आणि त्या कायद्याला जागे ठेवणारी संघटना आहे.

हा धडा नवा नाही. १९९४ साली इंटेलच्या पेंटियम प्रोसेसरमध्ये भागाकाराची चूक निघाली. अमेरिकेतील गणिताचे प्राध्यापक थॉमस नाइसली यांनी ती उघड केली. कंपनीचे उत्तर काय? सामान्य माणसाला ही चूक २७ हजार वर्षांतून एकदा भेटेल! ज्याला प्रोसेसर बदलून हवा त्याने आधी आपली गरज सिद्ध करावी, अशी तिची भूमिका होती. चूक कंपनीची आणि पुरावा द्यायचा ग्राहकाने! लोक खवळले, आयबीएमसारख्या बड्या कंपनीने पेंटियमचे संगणक पाठवणे थांबवले. तेव्हा डिसेंबरमध्ये इंटेल नमली. मागेल त्याला बदलून देण्याचे तिने जाहीर केले आणि ४७.५ कोटी डॉलरचा बोजा सोसला. सद्बुद्धी सुचली म्हणून हे झाले नाही. दबाव आला म्हणून झाले.

आणि टाकून दिलेले यंत्र शेवटी जाते कुठे? संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार २०२२ साली जगात ६.२ कोटी टन ई-कचरा निर्माण झाला. त्यातला जेमतेम २२.३ टक्के रीतसर गोळा होऊन पुनर्प्रक्रियेला गेल्याची नोंद आहे. उरलेल्यातला किती तरी दिल्लीच्या सीलमपूरसारख्या गल्ल्यांत पोहोचतो. तिथे तांब्यासाठी वायरी जाळतात, सोन्यासाठी सर्किट बोर्ड आम्लात बुडवतात. शिसे आणि धूर कामगाराच्या छातीत जातो. हे हात कोणाचे, हे या सदराच्या वाचकाला सांगायला नको. पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, तेव्हा तिच्यात आलेल्या कचरावेचक भगिनी बहुसंख्येने दलित होत्या. गावचे मेलेले ढोर ओढण्याचे काम ज्यांच्यावर लादले होते, त्यांनी १९२७ च्या महाड परिषदेत मृतमांस सोडण्याचा निर्धार केला. शतक लोटत आले, तरी मेलेल्या वस्तू उपसण्याची पाळी आजही त्याच थरावर यावी, हा योगायोग म्हणायचा काय? आणि इथे तर न मेलेले यंत्र मेले म्हणून जाहीर केले जाते!

आपल्याकडे कायदा अगदीच नाही असे नव्हे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष उत्पादनाच्या दायित्वाचे स्वतंत्र प्रकरण आहे. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टल सुरू केले; पण माहिती देणे वेगळे आणि दुरुस्तीची सक्ती करणे वेगळे. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेले ई-कचरा नियम पुनर्प्रक्रियेची जबाबदारी यंत्राच्या उत्पादकावर टाकतात. मात्र ज्या सॉफ्टवेअर कंपनीच्या एका निर्णयाने चालते यंत्र कचरा ठरते, ती या हिशोबात कुठेच नाही. नेमकी इथे पळवाट आहे.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. आधार कोणत्या तारखेपर्यंत मिळणार, ते खोक्यावर मराठीत छापा. ही मुदत प्रणाली बाजारात आल्यापासून नव्हे, तर शेवटचा नग विकल्याच्या दिवसापासून मोजा. जी सवलत युरोपला, तीच भारताला द्या. भंगार उपसणाऱ्या कामगाराच्या आरोग्याचा खर्च कंपन्यांकडून वसूल करा.

तोवर आपणही हातावर हात ठेवून बसू नये. संगणक फेकू नका. लिनक्स ही मोफत प्रणाली जुन्या यंत्रावर चालते, तिच्यात मराठीही लिहिता येते. केरळच्या सरकारी शाळांनी मुक्त सॉफ्टवेअर वर्षानुवर्षे वापरून दाखवले आहे. संगणकाची जाण असलेल्या आपल्या तरुणांनी एक रविवार विहारातल्या, अभ्यासिकेतल्या यंत्रांसाठी द्यावा. खरेदीची पावती जपून ठेवा. दुकानदार वा कंपनी दाद देत नसेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीबाबत ग्राहक आयोगात तक्रार करायला शुल्क लागत नाही, हे किती जणांना ठाऊक आहे? एकट्याच्या तक्रारीला कंपनी भीक घालणार नाही. वस्तीतल्या पन्नास जणांनी मिळून केलेल्या तक्रारीकडे तिला काणाडोळा करता येणार नाही. युरोपच्या ग्राहकाला जे मिळाले ते संघटित होऊन मागितल्यामुळे मिळाले. आपण अजून मागितलेलेच नाही!