शिकवायलाही शिकावे लागते

बारावीचा निकाल लागला की देवळाली प्रवरासारख्या गावात घरोघरी पुढच्या शिक्षणाची चर्चा सुरू होते. मुलाचे काय करायचे यावर बोलणे बरेच लांबते. मुलीचा निर्णय मात्र झटपट होतो. अम्मी म्हणते, "डी.एड. करू दे. शाळेची नोकरी बरी, दुपारी घरी येईल, स्थळ बघतानाही सांगायला बरे." त्यावर घरातले एखादे चाचा म्हणतात, "डी.एड.ला आता विचारतो कोण? किती पोरी पदविका घेऊन घरी बसल्यात!" दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे. पण या सगळ्या चर्चेत एक प्रश्न कोणी विचारत नाही. ही मुलगी शिकवायला शिकणार आहे का? वाचकहो, या महिन्यात आम्हाला याच प्रश्नावर आपल्याशी बोलायचे आहे.

चाचांच्या तक्रारीचे कारण आधी पाहू. एके काळी आपल्या राज्यात डी.एड. विद्यालयांचे पीक आले होते. पदविका मिळाली की जिल्हा परिषदेची नोकरी ठरलेली, असा समज होता. लोकांनी शेत गहाण ठेवून मुलांना प्रवेश घेऊन दिले. मग २ मे २०१२ रोजी शासनाने शिक्षक भरती थांबवली आणि एकामागून एक विद्यालये बंद पडू लागली. त्याच सुमारास दुसरी अट आली. शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला होता. त्याला धरून पहिली ते आठवीच्या शिक्षकांसाठी पात्रता परीक्षा, म्हणजे टीईटी, सक्तीची झाली. महाराष्ट्रात ती २०१३ पासून होते. सरकारी भरतीसाठी पुढे अभियोग्यता चाचणी आणि पवित्र पोर्टल यांची भर पडली. म्हणजे पदविका ही आता फक्त पहिली पायरी राहिली आहे.

गेल्या काही वर्षांत न्यायालयाचे दोन निकाल आले. ज्यांच्या घरात कोणी शिक्षक आहे किंवा होऊ पाहत आहे, त्यांनी ते नीट समजून घ्यावेत. पहिला निकाल ऑगस्ट २०२३ चा. सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की पहिली ते पाचवीला शिकवण्यासाठी बी.एड. चालणार नाही, त्यासाठी डी.एल.एड.च हवे. जुन्या डी.एड.चेच हे नवे नाव. लहान मुलांना शिकवणे हे वेगळे काम आहे आणि त्याचे शिक्षणही वेगळे आहे, हा त्यामागचा विचार. दुसरा निकाल १ सप्टेंबर २०२५ चा. हा खटला आपल्याच राज्यातला, अंजुमन इशाअत-ए-तालीम ट्रस्ट विरुद्ध महाराष्ट्र शासन. ज्या सेवेतील शिक्षकांना निवृत्तीला पाच वर्षांपेक्षा जास्त काळ आहे, त्यांनी दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हावे, असे न्यायालयाने सांगितले. ज्यांची पाच वर्षांपेक्षा कमी सेवा उरली आहे ते निवृत्तीपर्यंत राहू शकतात, मात्र टीईटीशिवाय त्यांना बढती नाही. अल्पसंख्याक शाळांना हे कितपत लागू व्हावे, हा प्रश्न या निकालात मोठ्या पीठाकडे सोपवला गेला. तो प्रश्न कसाही सुटो, आमचे म्हणणे असे की आपल्या शाळांनी पळवाट शोधत बसू नये. आपल्या लेकरांना शिकवणारा शिक्षक दुसऱ्यांच्या शिक्षकापेक्षा कमी शिकलेला असावा, असे कोणाला वाटेल?

इथेच एक मोह आडवा येतो. परीक्षा अवघड आहे आणि निकाल कमी लागतो. मग कोणीतरी भेटतो आणि "एवढे दिले तर काम होईल" असे सांगतो. २०१९-२० च्या टीईटीत काय झाले ते राज्याने पाहिले. गैरप्रकाराच्या चौकशीनंतर साडेसात हजारांहून जास्त उमेदवारांवर कारवाई झाली. पैसे गेले, नाव गेले आणि नोकरीही गेली. पण समजा, पकडले गेलेच नसते, तरी काय झाले असते? न शिकलेला माणूस तीस वर्षे वर्गात उभा राहिला असता. दर वर्षी तीस-चाळीस मुले त्याच्या हाताखालून गेली असती. हा गुन्हा एका परीक्षेपुरता राहत नाही.

आता या परीक्षेत असते काय? पहिला पेपर पहिली ते पाचवीसाठी, १५० गुणांचा. बालविकास व अध्यापनशास्त्र, दोन भाषा, गणित आणि परिसर अभ्यास या पाच भागांना प्रत्येकी ३० गुण. उत्तीर्ण होण्यास ६० टक्के लागतात, मागास प्रवर्गांना ५५ टक्के. इथे आपल्या लोकांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. तांबोळी, बागवान, पिंजारी, मोमीन अशा अनेक मुस्लीम बिरादऱ्या राज्याच्या इतर मागासवर्गीय यादीत आहेत. पण दाखलाच काढलेला नसतो आणि ऐन अर्जाच्या वेळी धावपळ होते. जातीचा दाखला आणि नॉन क्रीमीलेअरचे प्रमाणपत्र मूल दहावीला असतानाच हाताशी ठेवावे. डी.एल.एड.च्या प्रवेशालाही बारावीत खुल्या प्रवर्गाला ४९.५ टक्के आणि मागास प्रवर्गाला ४४.५ टक्के लागतात. अर्ध्या टक्क्यासाठी, एका कागदासाठी वर्ष वाया गेलेली मुले आपण सर्वांनी पाहिली आहेत.

पण कागद आणि गुण यांच्या पलीकडे प्रशिक्षण म्हणजे नेमके काय? देवळाली प्रवरा हा प्रवरेच्या पाण्यावर ऊस पिकवणारा पट्टा. महात्मा फुले कृषी विद्यापीठ याच राहुरी तालुक्यात आहे. इथला शेतकरी लागणीआधी बेणे पाहतो. को ८६०३२ लावायचा की फुले २६५, यावर पारावर तासभर वाद होतो. सरीतले अंतर, बेणे प्रक्रिया, पाण्याची पाळी हे सगळे विचारून घेतो. 'बापजाद्यांनी केले तेच करू' असे आता कोणी म्हणत नाही. मुलांच्या बाबतीत मात्र आपण अजून म्हणतो, "स्वतः बारावी झालाय ना, मग दुसरीला शिकवायला काय अवघड आहे?"

अवघड आहे ते असे. आपल्या बऱ्याच घरांत दखनी बोलली जाते आणि मूल मराठी शाळेत जाते. ते 'पाणी'ला 'पानी' म्हणते, 'काळा'ला 'काला' लिहिते. न शिकलेला शिक्षक त्याला कच्चा ठरवतो आणि वर्ग हसतो. ते मूल हळूहळू बोलणेच बंद करते. शिकलेल्या शिक्षकाला कळते की ण आणि ळ हे उच्चार मुलाच्या घरच्या बोलीत नाहीत. मुलाच्या बुद्धीचा त्यात काही दोष नाही. तो बाळ-बाल, काळा-काला अशा जोड्या खेळातून ऐकवतो आणि पंधरा दिवसांत कान तयार होतो. अध्यापक विद्यालयात पाठ टाचण काढणे, सूक्ष्म अध्यापनात प्रश्न विचारण्याचा आणि फळ्यावर लिहिण्याचा वेगळा सराव, दुसऱ्याच्या पाठाचे निरीक्षण, शाळेतली आंतरवासिता हे सगळे असते ते यासाठीच. जी मुलगी ही दोन वर्षे वह्या उतरवून काढते आणि हजेरीपुरती जाते, तिच्याकडे पदविका येते पण हा कान येत नाही. नव्या शैक्षणिक धोरणाने, २०२० मध्ये, सेवेतल्या शिक्षकानेही दरवर्षी ५० तास शिकावे असे म्हटले आहे.

या बाबतीत आपल्या नगर जिल्ह्याला मोठा वारसा आहे. अमेरिकन मिशनच्या सिंथिया फरार १८३९ पासून अहमदनगरला मुलींच्या शिक्षणाचे काम करत होत्या. त्यांची शाळा पाहून जोतीराव फुले प्रभावित झाले. सावित्रीबाईंनी नगरला फरारबाईंकडे आणि पुण्याला मिचेलबाईंच्या नॉर्मल स्कूलमध्ये शिक्षिकेचे प्रशिक्षण घेतले. घरातून बाहेर पडावे लागले तेव्हा या दांपत्याला पुण्यात आसरा दिला तो उस्मान शेख यांनी, आणि शाळेच्या कामात सावित्रीबाईंच्या सोबतीला उभ्या राहिल्या फातिमा शेख. सावित्रीबाई आजारी पडून नायगावला माहेरी होत्या तेव्हा, १० ऑक्टोबर १८५६ रोजी, त्यांनी जोतीरावांना पत्र लिहिले. त्यात त्यांना फातिमाची काळजी वाटते. सगळा भार तिच्यावर पडला असेल, तरी ती कुरकुर करणार नाही, असा भरवसाही त्या व्यक्त करतात. एका शिक्षिकेने दुसरीबद्दल दिलेली याहून मोठी पावती आम्हाला माहीत नाही. समाज अंगावर येत असतानाही या बायका 'आधी शिकू, मग शिकवू' याच वाटेने गेल्या.

पुढे १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जोतीरावांनी निवेदन दिले. प्राथमिक शिक्षक प्रशिक्षित असावेत आणि त्यांना दरमहा किमान १२ रुपये, मोठ्या गावांत १५ ते २० रुपये मिळावेत, असे त्यांनी मागितले. प्रशिक्षण आणि पगार या दोन गोष्टी त्यांनी एकत्र मागितल्या. आपल्या परंपरेतही शिकवण्याचे मोल केवढे मानले आहे ते आठवावे. बद्रच्या लढाईनंतर ज्या कैद्यांकडे फिदिया द्यायला काही नव्हते पण लिहिता-वाचता येत होते, त्यांनी मदीनेच्या दहा मुलांना शिकवायचे आणि सुटायचे, असे ठरले होते. दहा मुलांना अक्षरओळख म्हणजे एका माणसाचे स्वातंत्र्य, असा तो भाव होता.

त्या मोजमापाने आपण आज कुठे आहोत? शिक्षण सेवकाचे मानधन वर्षानुवर्षे सहा हजार होते. जानेवारी २०२३ पासून ते प्राथमिकला १६ हजार झाले. विनाअनुदानित शाळेतल्या आपाला त्याहून कितीतरी कमी मिळते. आणि मकतबात पोरांना अरबी-उर्दू शिकवणाऱ्या मौलानांना आपली जमात महिन्याला काय देते, हे प्रत्येकाने आपापल्या गावी विचारून पाहावे. त्यांना लहान मुलांना शिकवण्याच्या पद्धती कधी कोणी दाखवल्या आहेत का, हेही विचारावे.

सच्चर समितीने २००६ मध्येच दाखवून दिले होते की मुस्लीम मुलांपैकी जेमतेम तीन-चार टक्के मुले मदरशात शिकतात. बाकी सगळी जिल्हा परिषद, नगरपरिषद आणि खासगी शाळांत आहेत. तेव्हा त्या शाळांतला शिक्षक कसा आहे, हा आपला रोजचा प्रश्न आहे. शाळा व्यवस्थापन समितीवर पालकांना जागा असतात. तिथे जाऊन बसावे, नुसते खिचडी आणि गणवेशापुरते बोलू नये.

आता तरुणांबद्दल. नोकरीची वाट पाहत घरी बसलेली मुले-मुली प्रत्येक मोहल्ल्यात आहेत. २०२४ मध्ये आलेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत अनेक तरुण सहा महिने शाळांत काम करून आले. बारावी झालेल्याला सहा हजार, आयटीआय किंवा पदविकाधारकाला आठ, पदवीधराला दहा हजार असे विद्यावेतन होते. योजना येतात आणि जातात. पण वर्गात उभे राहण्याचा जो अनुभव या मुलांना मिळाला, तो वाया घालवू नये.

यासाठी आपल्याच राज्यातला एक नमुना आहे. मुंबईत १९९५ मध्ये सुरू झालेल्या 'प्रथम' संस्थेने वस्तीतल्याच दहावी-बारावी झालेल्या मुलींना 'बालसखी' म्हणून तयार केले. सुरुवातीला सुमारे दोन आठवडे प्रशिक्षण, नंतर अधूनमधून उजळणी. वर्गात मागे पडलेली पंधरा-वीस मुले घेऊन रोज दोन तास वाचन आणि हिशेब. मुंबई आणि वडोदऱ्यात या कामाची तपासणी झाली, तेव्हा मुलांची प्रगती स्पष्ट दिसली. तपासणी करणाऱ्यांतले अभिजित बॅनर्जी आणि एस्तेर दुफ्लो यांना पुढे २०१९ मध्ये नोबेल मिळाले. या मुलींकडे मोठ्या पदव्या नव्हत्या, पण त्यांना वर्गात पाठवण्याआधी शिकवले गेले होते.

देवळाली प्रवऱ्यात हे अशक्य नाही. असर ते मगरिब मशिदीशेजारची किंवा शाळेची एक खोली. डी.एल.एड. झालेली, पण नोकरी न लागलेली एक आपा प्रमुख. तिच्या हाताखाली बारावीच्या चार मुली-मुले. पहिले दोन आठवडे तिने या चौघांना शिकवायला शिकवायचे, मग वीस मुले घ्यायची, मोहल्ल्यातली सगळ्या समाजांची. मकतबाच्या मौलानांनाही त्या दोन आठवड्यांत आदराने बोलवावे. एखाद्या निवृत्त गुरुजींना महिन्यातून एकदा पाठ पाहायला बोलवावे. आणि आपाला मानधन द्यावे, नियमित, रमजानची वाट न पाहता. यातून मुले वाचू लागतील. ती आपाही टीईटीच्या तयारीत राहील, कारण बालविकासाचा पेपर तिच्यासमोर रोज वर्गात बसलेला असेल.

तेव्हा यंदा घरात डी.एल.एड.चा विषय निघाला तर मुलीला आधी एकच विचारा, तुला मुलांत रमायला आवडते का? 'नाही' म्हणाली तर तिला तिच्या आवडीचे शिकू द्या. दुपारी घरी येता येते, हे काही शिक्षक होण्याचे कारण नव्हे. 'हो' म्हणाली तर चांगले विद्यालय शोधा, बसभाडे द्या आणि पाठाच्या दिवसांत घरकामातून तिला मोकळीक द्या. भावाच्या परीक्षेला घरात जी शांतता पाळता, ती तिच्या पाठाच्या आदल्या रात्रीही पाळा. उद्या तिच्या वर्गात कोणाची ना कोणाची चाळीस लेकरे बसणार आहेत.