वारशाच्या कारभाराचा हिशेब

एखादे रान जागतिक नैसर्गिक वारसा म्हणून घोषित झाले, की ते सुरक्षित झाले, असे आपण मानतो. आसामातील मानस अभयारण्याची हकीकत हा समज खोटा ठरविते.

मानसला १९८५ साली हा मान लाभला. पुढे त्या प्रदेशात सशस्त्र अशांतता माजली. चौक्या जळाल्या, चोरटे शिकारी मोकाट सुटले. १९९२ साली मानसचे नाव धोक्यातील वारशांच्या यादीत गेले, आणि कालांतराने तेथे एकही गेंडा उरला नाही. सन्मान कायम होता. रान मात्र लुटले गेले.

अशा स्थळांचा कारभार सहा अंगांनी तपासण्याची पद्धत आहे: परिस्थिती, नियोजन, साधने, कार्यपद्धती, झालेले काम आणि अंतिम फळ. पहिल्या पाचांची बरीचशी नोंद कचेरीतील कागदांवरून करता येते. सहाव्यासाठी रानातच जावे लागते. खरी कसोटी तीच, असे आम्हांस वाटते.

२००३ च्या बोडो करारानंतर शांतता आली. भोवतालच्या गावांतील माणसे, त्यांत काही पूर्वीचे शिकारीही, पहाऱ्यास उभी राहिली. २००६ पासून काझीरंगा व पोबितोरा येथून गेंडे आणले गेले. २०११ साली मानस धोक्याच्या यादीतून मुक्त झाले. तथापि आणलेल्या गेंड्यांपैकी काही पुढे मारले गेलेच.

म्हणून हा हिशेब एकदा मांडून वही मिटता येत नाही. चौक्या किती, हे अवश्य लिहावे. परंतु शेजारच्या गावाला ते रान आपले वाटते काय, हे आम्ही आधी विचारू.