आधी हवा, मग डिझेल

गोडादऱ्यातून खानदेशात गावी जायचं म्हणजे उधना-जळगाव रेल्वेमार्ग. आता तिथे विजेची इंजिनं धावतात. पण घरातल्या मोठ्यांना विचारा. डिझेल इंजिन स्टेशन सोडताना काळा धूर ओकायचं आणि गाडीने वेग घेतला की तो विरायचा. असं का?

एक किलो डिझेल पूर्ण जळायला साधारण १४.५ किलो हवा लागते. शेतातलं पाणी उपसणारं साधं फोर-स्ट्रोक इंजिन ती स्वतः ओढून घेतं. पिस्टन खाली येताना हवा आत घेतो, वर जाताना दाबतो, डिझेल पेटलं की खाली ढकलला जातो आणि पुन्हा वर येत धूर बाहेर काढतो.

१९६४ पासून वाराणसीत बनलेलं रेल्वेचं डब्ल्यूडीएम-२ इंजिनही फोर-स्ट्रोकच, पण १६ सिलिंडर आणि २६०० अश्वशक्तीचं. एवढ्या ताकदीला नुसती ओढलेली हवा पुरत नाही, म्हणून टर्बोचार्जर. बाहेर पडणाऱ्या गरम धुराच्या जोरावर तो फिरतो आणि हवा दाबून आत भरतो. अडचण इथेच आहे. ड्रायव्हरने जोर वाढवला की डिझेल लगेच वाढतं, पण टर्बो वेग घ्यायला थोडा वेळ घेतो. तेवढ्यात अर्धवट जळलेल्या डिझेलची काजळी होते.

टू-स्ट्रोकमध्ये तर हवा ओढायला वेगळी फेरीच नसते. रेल्वेच्या डब्ल्यूडीजी-४ मध्ये पिस्टन तळाशी गेला की सिलिंडरच्या भिंतीतली भोकं उघडतात. तिथून दाबाने शिरलेली हवा जुना धूर वरच्या व्हॉल्व्हमधून बाहेर ढकलते. हवा ढकलणारं कोणी नसेल, तर हे इंजिन चालणारच नाही. मग सुरुवातीला, धुरात जोर नसताना, टर्बो कोण फिरवतं? इंजिनच, गिअर लावून. धूर पुरेसा तापला की क्लच सुटतो आणि टर्बो धुरावर फिरू लागतो. मोठ्या जहाजांच्या टू-स्ट्रोक इंजिनांना सुरुवातीला विजेचे ब्लोअर हवा पुरवतात.

आजच्या डिझेल गाड्यांत हे काम सॉफ्टवेअरकडे आलं आहे. आत किती हवा आली हे आधी पाहायचं आणि तेवढंच डिझेल सोडायचं.

घरच्या टेम्पोने किंवा सोसायटीच्या जनरेटरने काळा धूर सोडला, तर डिझेलला नावं ठेवण्याआधी एअर फिल्टर उघडून बघा. त्या धुरात आपण पैसे मोजून घेतलेलं डिझेल असतं, आणि तो जातो गल्लीत खेळणाऱ्या मुलांच्या छातीत.