मोडीत घालण्याआधी

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरची जुनी भांडी खाली येतात आणि मोडवाल्याच्या तराजूत जातात. त्यात पंजाएवढी एखादी जड गोल चकती निघाली, तर तेवढी बाजूला काढा. तिच्यावर त्रिशूळ घेतलेली बाई, शेजारी सिंह, आणि इंग्रजी अक्षरं असतील. आपली देवी नव्हे ती, विलायतेची!

१९१४ ते १९१८ च्या महायुद्धात पडलेल्या शिपायांच्या घरी सरकारने या ब्राँझच्या चकत्या पाठवल्या. साताऱ्याजवळच्या एकट्या अपशिंगे गावचे ४६ जण त्या लढाईत गेले. आपल्या मराठा पलटणी आजच्या इराकात लढल्या. १९१५-१६ साली कुतच्या वेढ्यात अडकल्या. तिकडे पडलेल्याचं मढं घरी आलं नाही. आली ती ही चकती. सुभेदार असो की शिपाई, तिच्यावर हुद्दा नाही, नुसतं नाव.

मोडीत तिचं वजन पाव किलोच्या वर भरेल. घरातल्या शाळकरी पोराकडून नाव वाचून घ्या. पणजोबांचा धाकटा भाऊ असेल, बिनलग्नाचा गेलेला. पोरंबाळं नाहीत, म्हणून पितरांतही त्याचं नाव कुणी घेत नसेल. घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाला एकदा विचारा, हा आपला कोण?