जवळचे प्रसूतिगृह म्हणजे नेमके कोणते?

गर्भिणीला सातवा-आठवा महिना लागला की तिच्या सासरची वा माहेरची मंडळी आम्हां वैद्यांना हमखास एक प्रश्न विचारतात, ‘डॉक्टरसाहेब, बाळंतपणाला जवळ कोणता दवाखाना?’ आणि आपल्यापैकी बहुतेक जण किलोमीटर मोजून उत्तर देतात. औषधविक्रेते बंधूंनाही काउंटरवर हेच विचारले जाते व तेही असेच उत्तर देतात. या उत्तरात मोठा धोका आहे, असे आमचे मत आहे आणि ते आमच्याच चुकीतून बनले आहे.

काही वर्षांपूर्वी देवरी तालुक्यातील एक मुलगी दुसऱ्या बाळंतपणाला माहेरी आली होती. पहिले सिझेरियन. अर्ध्या तासाच्या वाटेवर एक लहान प्रसूतिगृह होते. आम्ही तेच सुचविले. कळा रात्री सुरू झाल्या. तेथे भूलतज्ज्ञ नव्हते, रक्ताची सोय नव्हती. गोंदियाला हलवेपर्यंत पहाट झाली. आई वाचली, मूल गेले. त्या प्रसूतिगृहाला दोष देण्यात अर्थ नाही. तेथे रात्री शस्त्रक्रिया होत नाही, हे आम्हाला एका दूरध्वनीने कळले असते. तो आम्ही केला नव्हता.

सेरीन थॅडियस व डेबोरा मेन यांनी १९९४ साली मातामृत्यूंमागील तीन विलंब मांडले : घरात निर्णय घेण्यातला, रुग्णालयापर्यंत पोहोचण्यातला आणि पोहोचल्यावर योग्य उपचार मिळण्यातला. ‘जवळचा दवाखाना’ निवडताना आपण केवळ दुसरा विलंब पाहतो. तिसरा विसरतो, आणि घात बहुधा तोच करतो. प्रसूतीनंतरचा रक्तस्राव अनावर झाला व उपचार मिळाले नाहीत, तर सुमारे दोन तासांत मृत्यू ओढवू शकतो. अशा वेळी ज्या दारात रक्त व शल्यकर्म दोन्ही नाहीत, ते दार दोन किलोमीटरवर असले तरी दूरच म्हणावे लागेल.

१ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळ्या झालेल्या आपल्या जिल्ह्याची रचनाही ध्यानात घ्यावी. बाई गंगाबाई स्त्री रुग्णालय व २०१६ पासूनचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय ही दोन्ही गोंदिया शहरात, म्हणजे जिल्ह्याच्या उत्तर टोकाला. देवरी व अर्जुनी-मोरगाव दक्षिणेस. अर्जुनीकडच्या कुटुंबाला ब्रह्मपुरी अधिक सोयीची पडत असेल, तर जिल्ह्याच्या सीमेचा बाऊ कशाला करावा? पावसाळ्यात नाल्याला पूर आला की नकाशावरचे अंतर तसेही निरर्थक होते.

सर्वांनाच शहरात धाडावे, असे मात्र आम्ही म्हणत नाही. निर्वेध गर्भिणीची प्रसूती गावाजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात उत्तम होऊ शकते. परंतु पूर्वीचे सिझेरियन, जुळे, वाढलेला रक्तदाब, तीव्र पांडुता, किंवा आपल्या पूर्व विदर्भात वारंवार आढळणारा सिकलसेल, यांपैकी काही असेल तर अंतराचा विचार नंतर करावा.

येथे आपल्याच शास्त्राकडे पाहावे. चरकाने शारीरस्थानाच्या आठव्या अध्यायात नववा महिना लागण्यापूर्वीच सूतिकागार सिद्ध करण्यास सांगितले आहे. तूप, तेल, मध, सैंधव येथपासून प्रसूतीचा अनुभव असलेल्या स्नेहशील स्त्रियांपर्यंत सर्व संभार आधी जमवायचा, आणि गर्भिणीने नवव्या महिन्यातच तेथे राहावयास जायचे. कळा सुरू झाल्यावर धावाधाव हा विचारच त्यात नाही. गडचिरोलीच्या आदिवासी भागातील ‘माहेरघर’ योजनेत गर्भिणीला प्रसूतीपूर्वी काही दिवस आरोग्य केंद्राजवळ आणून ठेवतात, तत्त्व तेच. दूरच्या गावातील जोखमीच्या गर्भिणीसाठी गोंदियात एखाद्या नातेवाइकाकडे शेवटचे पंधरा दिवस सोय होते का, हे विचारणे आपल्याला कठीण नाही. आम्ही विचारू लागलो, तेव्हा मावशी-आत्या पुष्कळ निघाल्या.

औषधविक्रेत्यांना एक विनंती. कळा वाढविण्याचे इंजेक्शन कोणी चिठ्ठीवाचून मागितले, तर देऊ नये. घरी टोचलेल्या ऑक्सिटोसिनने गर्भाशय फाटला, तर कोणतेही रुग्णालय पुरेसे जवळ नसते. ते मागणाऱ्याच्या घरी बहुधा प्रसूती चालू असते, तेव्हा १०८ क्रमांक त्याच्यासमोरच लावून द्यावा. ही सेवा राज्यात २०१४ पासून विनामूल्य आहे. शासकीय रुग्णालयात नेण्या-आणण्याचा खर्चही २०११ च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार कुटुंबावर पडत नाही, हे पुष्कळांना आजही ठाऊक नसते.

मासानुमासिक पथ्य सांगण्यासाठी गर्भिणी आपल्याकडे नियमित येते, हा आपला मोठा लाभ आहे. आठव्या महिन्यात बस्तीचा विचार करतानाच आम्ही आता केसपेपरच्या मागे दोन रुग्णालयांची नावे लिहितो. एक नेहमीचे, दुसरे अडचणीचे. त्यापुढे रात्री भूलतज्ज्ञ येतात का, रक्त कोठून मिळेल, हे दूरध्वनी करून नोंदवितो. गावातील कोणाची गाडी रात्री निघेल, हे घरच्यांकडून लिहून घेतो आणि तो कागद गर्भिणीच्या सासूच्या हाती देतो.