दुःखाला काम हवे

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट महाराष्ट्र विसरलेला नाही. गणेशविसर्जन आटोपून किल्लारी, सास्तूर व भोवतालची गावे निद्राधीन झाली होती. चारच्या सुमारास भूमी हादरली आणि ज्या दगडमातीच्या जाड भिंतींनी पिढ्यान्पिढ्या ऊनपावसापासून रक्षण केले, त्यांनीच आपल्या आश्रितांना गाडले. सरकारी मोजदादीनुसार सुमारे ८ हजार माणसे मृत्युमुखी पडली.

अशा वेळी शोकग्रस्ताच्या मनात पहिला प्रश्न उभा राहतो, तो 'हे माझ्याच वाट्याला का?' हा. भूगर्भशास्त्राचे उत्तर पोटचे मूल गमावलेल्या मातेच्या काय कामाचे? 'दैवगती' म्हणून तिची समजूत घालणेही व्यर्थच. सरकारने ५२ गावे नव्याने वसविली, हे उचितच झाले; परंतु घराबरोबर जगण्याचे प्रयोजन मिळतेच असे नाही. ते, आमच्या मते, कर्तव्यातूनच घडवावे लागते.

याचा दाखला त्याच भूमीने दिला. घरदुरुस्तीच्या कार्यक्रमात 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेच्या साहाय्याने गावोगावच्या स्त्रिया 'संवाद सहायक' म्हणून पुढे आल्या. भूकंपात टिकेल असे घर कसे बांधावे, हे त्या स्वतः शिकल्या व शेजाऱ्यांना सांगू लागल्या. पुढे २६ जानेवारी २००१ रोजी कच्छ हादरला, तेव्हा लातूरकडील काही स्त्रिया तेथील भगिनींना धीर देण्यास गुजरातेत गेल्या. भाषा परकी होती, दुःख ओळखीचे होते. यातूनही माणूस उभा राहतो, हे सांगण्याचा जो अधिकार कोणा पंडितास नव्हता, तो त्यांना होता.

गेलेली माणसे यामुळे परत आली नाहीत. आपत्तीने माणसाचे भलेच होते, असे म्हणण्याचे पातक आम्ही करणार नाही. पण सोसलेले दुसऱ्याच्या उपयोगी पडले, म्हणजे ते अगदीच निरर्थक राहत नाही.

आपण शहरवासीयांनी यातून काही घ्यावे. आपल्या आप्तेष्टांत कोणावर आघात झाला, की तेरा दिवस घर माणसांनी भरते आणि चौदाव्या दिवशी ओस पडते. नंतर 'तुम्ही आता स्वस्थ बसा' म्हणून आपण त्या माणसाला प्रेमानेच निरुपयोगी ठरवितो. शोकाला अवधी अवश्य द्यावा; त्यानंतर मात्र त्याच्याकडे जावे ते काही मागण्यासाठी. शेजारच्या मुलाला शिकविण्याची विनंतीही पुरेशी आहे. आपली कोणाला तरी गरज आहे, ही जाणीव हजार सांत्वनांहून अधिक आधार देते.